चाकांवरचे घर आणि पाण्याची घागर

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी मुले जमा झाली होती. आत दोन बाके, ती उलगडली की पलंग. एका कोपऱ्यात शेगडी, छोटे बेसिन, फ्रिज. मागच्या बाजूला दार लावता येईल असे शौचालय. माझ्या मुलाने सगळी बटणे दाबून पाहिली, मुलीने वरचा बर्थ आपला म्हणून जाहीर केला. शेवटी माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढल्या. त्यांनी एकवार सगळीकडे नजर फिरवली आणि एकच प्रश्न विचारला, "नीर एल्लैती?"

पाणी टाकीत आहे, नळ सोडला की येते, असे आम्ही सांगितले. "टाकी दिसत नाही, मग पाणी किती आहे ते कळणार कसे?" असे म्हणून त्यांनी घरातली पितळी घागर गाडीत ठेवायला लावली. एवढी आधुनिक गाडी आणि दारात घागर! मुले हसली. खरे सांगायचे तर मीही हसले. तीन दिवसांनी परत येताना मात्र कोणी हसत नव्हते.

कॅम्परव्हॅन किंवा कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सुट्टीत फिरायला जाण्याची हौस आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. केरळ सरकारने २०२१ मध्ये 'केरवन केरळ' ही योजना आणली, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही त्याच वर्षी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. मोठ्या शहरांतून अशा गाड्या भाड्याने मिळतात. आपल्या सीमाभागातील कुटुंबांनी त्या घ्याव्यात का, घेतल्या तर काय पाहावे, हे आमच्या अनुभवावरून सांगावे म्हणून हा लेख.

हौस नव्हे, गरज

आम्ही ही गाडी घेतली ती हौसेपोटी नव्हे. अव्वांना पंचाहत्तरी उलटली आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचे आणि एकदा काळी नदी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पण गेली सात-आठ वर्षे त्या प्रवासाला नको म्हणत होत्या. गुडघे दुखतात, असे कारण सांगत. एकदा धारवाडला लग्नाला गेलो असता दुपारी त्यांना भोवळ आली, तेव्हा खरे कारण कळले. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून त्या पाणीच पीत नसत. वाटेत जायची सोय नाही, असली तरी तिथे बसता येत नाही, मुलाला गाडी थांबव म्हणायला संकोच वाटतो. त्यापेक्षा न प्यालेले बरे, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब एकट्या अव्वांचा नाही. आपल्या घरातील कितीतरी बायका एस.टी.त बसण्यापूर्वी पाण्याचा तांब्या बाजूला सारतात. आई, अव्वा, काकू, अत्ती अशा सगळ्यांना हे ठाऊक असते, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून गाडीतच शौचालय असलेले वाहन मिळते हे कळल्यावर आम्ही ते घ्यायचे ठरवले.

आपल्याला हे नवे नाही

चाकांवर संसार घालून मुक्काम करीत जाणे आपल्या भागाला काही नवे नाही. कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतची माणसे मार्गशीर्ष ते माघ या पौर्णिमांना यल्लम्माच्या डोंगराला जात ती बैलगाडीतून. मराठीत गाडी म्हणा, कन्नडमध्ये बंडी म्हणा नाहीतर चक्कडी म्हणा. वर ताट्ट्याचे छप्पर, खाली कडब्याची गादी, मागे बैलांची वैरण, बाजूला पाण्याची घागर, पुढे कंदील. बुत्तीत कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही घालून कालवलेला भात. जोगुळभावीला आंघोळ करून डोंगर चढायचा, मोकळ्या रानात तीन दगडांची चूल मांडायची, नैवेद्य करायचा, पडल्या भरायच्या आणि पंगत बसायची.

येळ्ळ अमावास्येला तर आजही उत्तर कर्नाटकात कुटुंबे शेतात जाऊन जेवतात, चरगा टाकतात. लातूर-सोलापूरकडे त्याच सणाला वेळा अमावास्या म्हणतात. नाव कन्नडमधून मराठीत गेले, जेवण मात्र दोन्हीकडे रानातच राहिले.

अव्वा लहानपणी बंडीतून डोंगराला गेलेल्या. त्या सांगतात, "बंडी निघायच्या आधी घरात ठरलेले असायचे. पाणी कोण आणणार, वैरण कोणाकडे, मुक्काम कोणत्या विहिरीपाशी, रात्री जागे कोण राहणार." गाडी भाड्याने देणाऱ्याच्या माहितीपत्रकात आम्हाला फ्रिज, टी.व्ही., एल.ई.डी. दिवे दिसले. अव्वा सांगतात त्यातला एकही मुद्दा त्यात नव्हता आणि आम्हीही तो विचारला नाही. चूक झाली ती तिथे.

पहिली रात्र

माघी पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही निघालो. बेळगावहून सौंदत्ती सुमारे ऐंशी किलोमीटर. वाटेत अव्वांनी दोनदा शौचालय वापरले आणि दुसऱ्यांदा बाहेर येऊन कौतुकाने म्हणाल्या, "छान केलंय गं." आमचे पैसे तिथेच वसूल झाले असे वाटले.

दर्शन झाले. संध्याकाळी पायथ्याच्या मैदानात, जिथे यात्रेकरूंच्या गाड्या आणि ट्रॅक्टर उभे असतात तिथे, विचारून मुक्काम केला. मुलांनी हात-पाय धुतले, मी भांडी घासली, यजमानांनी अंघोळ केली. रात्री नऊच्या सुमारास नळातून नुसता वाऱ्याचा आवाज आला. टाकी रिकामी! टाकी पूर्ण भरून दिली आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते. ती अर्धीच होती आणि पातळी दाखवणारा काटा कुठे असतो हे आम्हाला कोणी दाखवले नव्हते. पाण्यावाचून शौचालयही बंद. अव्वा काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातला पेला न पिता खाली ठेवला. ते पाहून मला जेवण गेले नाही.

शेजारी रायबागकडचे एक कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले होते. वर ताडपत्री, आत चटया, कडेला दोरीने आवळून बांधलेला निळा प्लास्टिकचा मोठा ड्रम. त्यांच्यातल्या एका मावशींनी आमची धावपळ पाहिली आणि अर्धे मराठी, अर्धे कन्नड अशा आपल्या नेहमीच्या भाषेत विचारले, "काय झालं अक्का, नीर संपलं काय?" आणि त्यांनी दोन घागरी पाणी दिले. पहिली घागर आमचीच होती, मुले जिला हसली होती ती. एवढे भाडे देऊन आणलेल्या गाडीला ट्रॅक्टरने पाणी पाजले!

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या अव्वा म्हणाल्या, "इदु मनी अल्लवा, बंडी." हे घर नव्हे, ही बंडीच आहे. घरात नळ सोडला की पाणी येते, बंडीत जेवढे भराल तेवढेच. या एका वाक्यात सगळे आले. अशी गाडी घेणाऱ्याने तिला घर समजू नये, बंडी समजावे. म्हणजे काय करावे, ते आता क्रमाने सांगते.

पाण्याचा हिशेब

समजा टाकी शंभर लिटरची आहे आणि गाडीत ड्रायव्हर धरून सहा माणसे आहेत. प्रत्येकाने पंधरा लिटरची एक बादली आंघोळीला घेतली तर नव्वद लिटर संपले. उरलेल्या दहा लिटरमध्ये स्वयंपाक, भांडी आणि शौचालय! म्हणून गाडी ताब्यात घेताना टाकी किती लिटरची ते विचारा, आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्या, काटा पाहून घ्या. आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी, गाडीबाहेर. टाकीचे पाणी फक्त शौचालय आणि हात धुण्यासाठी राखा. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये न्या. आणि घागर न्याच. टाकी भरायला नळाला नळी जोडावी लागते, घागर मात्र कुठल्याही विहिरीवर चालते.

शौचालय कोण साफ करणार?

हा प्रश्न आपण टाळतो, म्हणून स्पष्टच लिहिते. अशा बऱ्याच गाड्यांत शौचालयाखाली वीस लिटरच्या आसपासची बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. पाच-सहा माणसांच्या वापराने ती दीड-दोन दिवसांत भरते. ती बाहेर काढून साध्या शौचालयात ओतावी आणि धुवावी लागते. आमच्या गाडीची कॅसेट दुसऱ्या दिवशी दुपारीच भरल्याचा दिवा लागला. आधीच्या फेरीनंतर ती रिकामीच केलेली नव्हती.

यजमान सहज म्हणून गेले, "ड्रायव्हरला सांगू या." ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, "साहेब, मी गाडी चालवतो." ते बरोबरच होते. हाताने मैला काढण्यासाठी माणूस कामाला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायद्याचा काटेकोर अर्थ बाजूला ठेवला तरी, आपल्या घरच्या माणसांची घाण दुसऱ्या कोणी उचलावी हे गृहीत धरण्याची आपली सवय वाईटच. दांडेलीजवळच्या होम-स्टेच्या मालकांना विचारून यजमान आणि मुलगा यांनी रबरी हातमोजे घालून ती पेटी त्यांच्या शौचालयात रिकामी केली. पंधरा मिनिटांचे काम. मुलाने नाक मुरडले, पण नंतर अज्जीला स्वतःहून म्हणाला, "आता खुशाल जा."

पेटी नदीत, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला कधीही ओतू नये. तिच्यात टाकायच्या काही रसायनांनी सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, म्हणून कोणते रसायन आहे ते गाडी देणाऱ्याला विचारून घ्या आणि जागामालकाला सांगा. गाडी घेताना पेटी स्वतः उघडून पाहा.

वीज आणि गॅस

गाडीतल्या दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असते. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. साधी लेड-अॅसिड बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. एवढ्यावर दिवे, छोटे पंखे आणि मोबाइल रात्रभर चालतात. एक टनाचा ए.सी. मात्र तासाला जवळजवळ युनिटभर वीज खातो. म्हणजे बाहेरून जोडणी मिळाल्याशिवाय ए.सी. लावून झोपणे शक्य नाही. सोबत लांब आणि जाड वायर ठेवा.

गॅसची छोटी पाच किलोची टाकी पुरते. ती उभी, पट्ट्याने बांधलेली असावी आणि गाडी चालू असताना तिचा कॉक बंद असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साठतो. वास आला तर बटण दाबू नका, आधी दारे उघडा. शक्य तो स्वयंपाक बाहेरच करा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवू नका किंवा जनरेटर चालवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून आत आलेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण तपासात पुढे आले. या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही.

कागदपत्रे आणि राज्याची हद्द

आपण सीमेवरची माणसे. सकाळी कर्नाटकात, दुपारी गोव्यात, संध्याकाळी महाराष्ट्रात. म्हणून गाडीचे कागद आधी पाहावेत. ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. आपण स्वतः चालवायला घेतो त्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाल्यास विम्याचे भांडण आपल्या गळ्यात पडते. अखिल भारतीय पर्यटक परवाना, विमा आणि फिटनेस यांच्या प्रती हातात ठेवा. स्वतः चालवणार असाल तर गाडीचे एकूण वजन पाहा. साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. गाडीची उंचीही विचारून घ्या. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, गावातल्या खाली लोंबणाऱ्या तारा आणि देवळांच्या कमानी तुमच्यासाठी वर सरकणार नाहीत.

गोव्याला जाणाऱ्यांना खास सूचना. पूर्वी आपल्याकडून टेम्पो भरून माणसे जात आणि समुद्रावर चूल मांडून मासे-भात शिजवत. आता तसे चालत नाही. गोव्याने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यांवर दंड ठेवला. एकट्यास दोन हजार, गटास दहा हजार रुपये. २०२२ मध्ये पर्यटन खात्याने काढलेल्या आदेशात पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आली. काहींना याचा राग येतो. पण जेवून झाल्यावर आपण मागे काय टाकून येत होतो, हेही आठवावे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातही वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी लावून मुक्काम करता येत नाही. मुक्काम खासगी होम-स्टे, यात्री निवास किंवा पर्यटन महामंडळाच्या हॉटेलच्या आवारात, आधी फोन करून ठरवावा.

ड्रायव्हर कुठे झोपणार?

गाडीत पाच माणसांची झोपायची सोय होती आणि आम्ही पाच होतो. सहाव्याचा विचार कोणी केला नव्हता. पहिल्या रात्री ड्रायव्हरदादा पुढच्या सीटवर डास मारीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सौंदत्तीहून धारवाडमार्गे दांडेलीला जाताना ते दोनदा डोळे चोळताना दिसले, तेव्हा आमच्या छातीत धस्स झाले. धारवाडला पेढे घेण्याच्या निमित्ताने तासभर थांबून आम्ही त्यांना झोपू दिले आणि दांडेलीच्या होम-स्टेमध्ये त्यांच्यासाठी एक खोली घेतली. बंडी हाकणाऱ्याचे आणि बैलांचे आधी बघायचे, मग आपले, ही जुनी रीत उगीच नव्हती.

पैशांचा हिशेब

बेळगावात आम्हाला अशी गाडी मिळाली नाही, पुण्याहून मागवावी लागली. पुणे ते बेळगाव सुमारे ३४० किलोमीटर. भाडे गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, म्हणजे आपला प्रवास सुरू होण्याआधीच जाण्या-येण्याचे ६८० किलोमीटर आपल्या खात्यावर. आमचे स्वतःचे फिरणे त्याच्या निम्मेही झाले नाही. शिवाय रोजचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि अनामत वेगळी. गाडी घेताना आणि परत करताना आतून-बाहेरून फोटो काढा. आम्ही घेताना काढले नाहीत आणि आधीच तुटलेल्या एका कडीचे पैसे अनामतीतून गेले.

पुढच्या खेपेला काय करायचे, तेही आम्ही ठरवले आहे. गावातलाच टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायचा, मागची एक ओळ काढून तिथे पडदा लावून उचलता येणारे छोटे शौचालय ठेवायचे, सोबत दोन तंबू, एक ड्रम, एक शेगडी. ए.सी. आणि फ्रिज नसेल, पण अव्वांना हवी ती सोय असेल. मोठ्या गाडीचे भाडे परवडणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. आजारी किंवा वृद्ध माणूस सोबत असेल तर तिच्यासारखी सोय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळी नदीच्या काठी, होम-स्टेच्या अंगणात, मी चहा करीत होते. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून घेतली होती, पेटी धुतली होती, घागर दारात होती. परतीचा प्रवास रामनगर, खानापूरमार्गे, दोन-अडीच तासांचा. एरवी अशा सकाळी अव्वा चहासुद्धा अर्धा कपच घेतात. त्या दिवशी त्या पायरीवर बसल्या, नदीकडे बघत चहा संपवला आणि मुलीला म्हणाल्या, "एक तांब्या पाणी दे गं."

मुलीने घागरीतले पाणी दिले. अव्वांनी ते सगळे प्यायले आणि मग आम्ही निघालो.